वाईट मसुद्याला मत द्यावं का? (अमेरिकेतली गांजा चळवळ आणि तिची घरातली भांडणं)

साडेतीन_शहाणा :
नोव्हेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियात प्रॉपोझिशन १९ (प्रॉप १९, म्हणजे थेट मतदारांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा कायद्याचा मसुदा) मतदानाला आलं होतं. २१ वर्षांवरच्या कुणालाही एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम गांजा जवळ बाळगता येईल, घरी पाच बाय पाच फुटांच्या तुकड्यात रोपं लावता येतील, आणि विक्रीला परवानगी द्यायची की नाही, कर किती घ्यायचा हे ज्या त्या शहराने आणि काउंटीने ठरवायचं, असा एकूण मसुदा. ४६.५ टक्के मतं मिळाली. पडलं.

पोलीस संघटना विरोधात होत्या, त्यात नवल काही नाही. पण हंबोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांनी, म्हणजे ज्या भागाला एमरल्ड ट्रँगल म्हणतात आणि जिथे घरटी गांजा पिकायचा, त्यांनीही बहुमताने 'नाही' म्हटलं. १९९६ साली औषधी गांजाचा कायदा (प्रॉप २१५) ज्याच्यामुळे आला तो डेनिस पेरॉन विरोधात. 'स्टोनर्स अगेन्स्ट प्रॉप १९' नावाची मोहीम चालली होती, हेही आता वाचलं आणि चाट पडलो.

माझा प्रश्न असा: तुम्ही अर्धं आयुष्य एक कायदा बदलायला झगडलात. समोर मसुदा आला. हवं ते निम्मं आहे, नको ते बरंच आहे. काय कराल? माझं उत्तर 'हो'. ज्याच्या हातात आज बेड्या पडणार आहेत तो तुमच्या आदर्श मसुद्याची वाट बघत बसू शकत नाही. 'नाही' म्हणणारी मंडळी उंटावरून शेळ्या हाकत होती, असं मला वाटतं.

गांजा चांगला की वाईट ही चर्चा इथे नको. त्यासाठी आधीचे धागे अजून धुमसताहेत, तिकडे जा.

टवाळ_पोर :
पहिल्या बाकावर जागा पकडली आहे. चालू द्या.

बारामासी :
यात कोडं कसलं? माल बेकायदा होता म्हणून भाव होता. उद्या कायदेशीर झाला की भाव पडणार. कोणता शेतकरी स्वतःच्या पिकाचा भाव पाडायला मत देईल? त्याला तत्त्वाचा मुलामा देऊ नका.

निशिगंधा :
बारामासी, भावाचा मुद्दा होताच, पण तेवढाच नव्हता. जुलै २०१० मध्ये, म्हणजे मतदानाच्या चार महिने आधी, ओकलंड शहराच्या कौन्सिलने चार अवाढव्य, कारखान्यासारख्या गांजा लागवडींना परवाने द्यायचं ठरवलं. प्रॉप १९ चा मुख्य पुरस्कर्ता रिचर्ड ली हाही ओकलंडचाच. डोंगरात लपूनछपून चार वाफे लावणाऱ्या माणसाला यातून काय दिसलं असेल? इतकी वर्षं हेलिकॉप्टरचे छापे आम्ही सोसले, आणि आता कायदा झाल्यावर धंदा शहरातल्या पैसेवाल्यांचा. (पुढे केंद्र सरकारने डोळे वटारल्यावर ओकलंडने ते परवाने गुंडाळले, ती गोष्ट वेगळी.)

त्यांची भीती किती रास्त होती ते २०१६ नंतर कळलं. त्या वर्षी पास झालेल्या प्रॉप ६४ मध्ये, म्हणजे गांजा कायदेशीर करणाऱ्या पुढच्या मसुद्यात, तर मुद्दाम कलम घातलं होतं की मोठ्या लागवडीचे परवाने पहिली पाच वर्षं द्यायचे नाहीत, छोट्यांना उभं राहायला वेळ मिळावा म्हणून. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याने नियम काढले, तेव्हा एका माणसाने छोटे परवाने किती घ्यावेत याला मर्यादाच ठेवली नाही. झालं. पैसेवाल्यांनी छोट्या परवान्यांच्या चळती लावल्या आणि मोठी शेतं उभी केली. जे दारातून येऊ द्यायचं नव्हतं ते खिडकीतून आलं.

साडेतीन_शहाणा :
निशिगंधा, छान माहिती. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होत नाही का? २०१० मध्ये पाडून सहा वर्षांनी पुन्हा तेच पदरात पडलं. मधल्या सहा वर्षांत पकडले गेलेल्यांचा हिशोब कुणी द्यायचा?

मुसळधार :
थांबा थांबा, इथे एक गोष्ट कुणीच सांगत नाहीये. मधल्या सहा वर्षांत तितके लोक पकडले गेलेच नाहीत! प्रॉप १९ च्या मतदानाला महिना उरला असताना गव्हर्नर श्वार्झनेगरने एसबी १४४९ या विधेयकावर सही केली. एक औंसाच्या आतला गांजा म्हणजे फौजदारी गुन्हा नाही, वाहतुकीचा नियम मोडल्यासारखा जास्तीत जास्त १०० डॉलर दंड. त्याचा स्वतःचा प्रॉप १९ ला विरोध होता. 'आता कुणी जेलमध्ये जात नाही, मग हे कशाला हवं' असं म्हणायला विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

पण परिणाम बघा. राज्यात गांजाच्या किरकोळ गुन्ह्यांतल्या अटका २०१० मध्ये ५५ हजारांच्या आसपास होत्या, २०११ मध्ये ८ हजारांच्या आत आल्या. म्हणजे हरलेल्या मोहिमेने जे दिलं ते कित्येक जिंकलेल्या मोहिमांना जमलेलं नाही.

टवाळ_पोर :
टर्मिनेटरने गांजाविरोधी मोहिमेला मदत करायला अर्धा गांजा सोडून दिला. हॉलिवूडमध्ये ही पटकथा कुणी घेतली नसती.

ओरेगावकर :
मुसळधार यांचा मुद्दा जबरी आहे, पण तो 'नाही' म्हणणाऱ्यांच्या बाजूने जात नाही. मसुदा मतपत्रिकेवर होता, जिंकेल अशी धास्ती होती, म्हणून ती सही झाली. सगळे आधीपासून 'असला कायदा नको' म्हणत घरी बसले असते तर श्वार्झनेगरने पेनाचं टोपणही काढलं नसतं.

आमच्या ओरेगनची गोष्ट सांगतो. २०१२ मध्ये इथे मेझर ८० (आमच्याकडे मतदानाच्या मसुद्याला मेझर म्हणतात) आलं. मसुदा जुन्या कार्यकर्त्यांनी लिहिलेला, प्रस्तावना अशी की वाचताना इतिहासाचा तास चालू आहे असं वाटावं, आणि लागवडीवर देखरेख करायचं मंडळ बहुतांशी लागवड करणाऱ्यांनीच निवडायचं. बाहेरच्या मोठ्या देणगीदारांनी हात आखडता घेतला. पडलं. त्याच दिवशी कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन जिंकले. दोन वर्षांनी मेझर ९१ आलं, मसुदा आटोपशीर, नियंत्रण दारूच्या खात्याकडे, ५६ टक्क्यांनी पास. मी दोन्ही वेळा 'हो' म्हणणाराच, पण पहिल्या वेळी ऑफिसातल्या एकालाही पटवू शकलो नाही. दुसऱ्या वेळी पटवावं लागलंच नाही.

शब्दवेडी :
पेरॉनबद्दल थोडं. त्याला 'उंटावरून शेळ्या' म्हणणं मला फार लागलं. त्याचा जोडीदार जोनाथन वेस्ट १९९० मध्ये एड्सने गेला. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोत १९९१ चं प्रॉप पी (औषधी गांजाला पाठिंबा देणारं शहरापुरतं मतदान), मग कॅनाबिस बायर्स क्लब, जिथे एड्स आणि कॅन्सरचे रुग्ण येऊन बसायचे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन प्रचारात, राज्याच्या अॅटर्नी जनरलने त्या क्लबवर छापा घातला. हा माणूस उंटावर नव्हता, खाली शेळ्यांतच होता.

आणि भांडण तिथेच सुरू झालं. प्रॉप २१५ साठी सह्या पुरेशा जमेनात, तेव्हा जॉर्ज सोरोस, पीटर लुईस वगैरेंचा पैसा आला आणि पैशाबरोबर बिल झिमरमनसारखे व्यावसायिक प्रचारक आले. त्यांचं गणित सरळ होतं: टीव्हीवर डॉक्टर, नर्स आणि कॅन्सर झालेल्यांचे नातेवाईक दिसले पाहिजेत, पेरॉन दिसता कामा नये. पेरॉन गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याचं म्हणणं, गांजाचा सगळाच वापर औषधी असतो. झिमरमन मंडळींना हे वाक्य म्हणजे विरोधकांची फुकट जाहिरात वाटायची, आणि खरंच तसा वापर झालाही.

म्हणून तो प्रॉप १९ आणि नंतर प्रॉप ६४ च्याही विरोधात गेला. 'मौजेसाठी' असा वेगळा वर्ग कायद्याने केला की रुग्णाचा हक्क हळूहळू ग्राहकाच्या हक्कात विरघळतो, अशी त्याची धारणा होती. पटो न पटो, ही एक सुसंगत भूमिका आहे.

चिंतामणराव :
शब्दवेडीताईंचा प्रतिसाद उत्तम. मात्र 'आपल्यातल्या अडचणीच्या माणसाला कॅमेऱ्यापासून दूर ठेवा' हा वाद १९९६ चा नाही, त्याआधीचा आहे. मी १९७६ साली शिकायला इथे आलो तेव्हा सगळीकडे वातावरण असं होतं की गांजा आता पाचेक वर्षांत सुटणार. निक्सनने नेमलेल्या शेफर आयोगाने १९७२ मध्येच स्वतःपुरता गांजा बाळगणं गुन्हा मानू नये अशी शिफारस केली होती (निक्सनने ती केराच्या टोपलीत टाकली). १९७३ मध्ये ओरेगनने सुरुवात केली आणि बघता बघता अकरा राज्यांनी शिक्षा सौम्य केल्या. १९७७ मध्ये तर खुद्द अध्यक्ष कार्टर काँग्रेसला सांगत होते की एक औंसापर्यंतच्या गांजासाठी केंद्राची फौजदारी शिक्षा काढून टाका.

आणि मग या लोकांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. नॉर्मल ही तेव्हाची मुख्य संघटना, १९७० साली कीथ स्ट्रूपने काढलेली. कार्टरचे अमली पदार्थविषयक सल्लागार डॉ. पीटर बोर्न म्हणजे व्हाइट हाउसमधले यांचे सगळ्यात जवळचे गृहस्थ. पण मेक्सिकोतल्या गांजाच्या शेतांवर पॅराक्वॅट हे तणनाशक फवारायला अमेरिका मदत करत होती, त्यावरून स्ट्रूप आणि बोर्न यांचं बिनसलं. १९७८ मध्ये बोर्न एका औषधाच्या चिठ्ठीच्या प्रकरणात अडकले, तेव्हा पत्रकारांनी विचारलं की नॉर्मलच्या १९७७ च्या नाताळातल्या पार्टीत बोर्न यांनी कोकेन घेतलं हे खरं का. स्ट्रूपने ते नाकारलं नाही. बोर्न गेले, मागोमाग स्ट्रूपलाही संघटना सोडावी लागली, आणि व्हाइट हाउसमध्ये नॉर्मलचा फोन उचलायला कुणी राहिलं नाही. त्या वर्षी नेब्रास्काने कायदा सौम्य केला, तो त्या लाटेतला शेवटचा.

रेगन आले म्हणून चळवळ मेली असं सगळे म्हणतात. ती त्याआधीच अंथरुणाला खिळली होती.

टवाळ_पोर :
काका, तुम्ही 'शिकायला' आलात आणि एवढी माहिती? हलके घ्या.

चिंतामणराव :
अरे टवाळा, आमच्या वसतिगृहात खिडक्या उघड्या असायच्या. एवढंच सांगतो.

रानवारा :
भारतातल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यावर बोला की कुणीतरी. भांग चालते, गांजा चालत नाही, हा काय न्याय? अमेरिकेचं आपल्याला काय करायचंय?

धोरण_मंडळ :
रानवारा, स्वतंत्र धागा काढावा. हा धागा अमेरिकेतल्या चळवळीच्या डावपेचांबद्दल आहे. यापुढचे या विषयावरचे प्रतिसाद हलवले जातील.

रानवारा :
काढतो. तिथे या सगळे.

उत्तरध्रुव :
मी सिअॅटलजवळ राहते. साडेतीन_शहाणा यांच्या प्रश्नाला पुस्तकी नाही तर राहून पाहिलेलं उत्तर देते.

२०१२ चं आय-५०२, म्हणजे गांजा कायदेशीर करायचा मसुदा, आमच्याकडे ५५.७ टक्क्यांनी पास झालं. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या अॅलिसन होल्कोम यांनी मसुदा बांधला होता, आणि तो मुद्दामच काठावरच्या मतदाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला होता: मुलांची काळजी असलेले पालक, स्वतः कधी न ओढलेले लोक. म्हणून त्यात गाडी चालवताना रक्तात टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम किंवा जास्त आढळलं तर थेट गुन्हा. म्हणून त्यात घरी एकही रोप लावायला परवानगी नाही. औषधी गांजावाले चवताळून उठले. रोज औषध म्हणून घेणाऱ्याच्या रक्तात टीएचसी रेंगाळतं, तो नशेत नसतानाही गुन्हेगार ठरेल, हे त्यांचं म्हणणं. प्रचाराच्या सभांमध्ये सर्वात जास्त आरडाओरडा पोलिसांचा नाही, त्यांचा असायचा. मी स्वतः एका सभेत बसले होते, दोन्ही बाजूंना एकाच हिरव्या पानाचे टी-शर्ट. कोण कुणाच्या बाजूचं ते तोंड उघडेपर्यंत कळत नव्हतं.

आता निकाल. आमच्या किंग काउंटीच्या सरकारी वकिलाने मतदानानंतर काही दिवसांतच १७५ खटले मागे घेतले, कायदा लागू व्हायची वाटही पाहिली नाही. हे होल्कोम यांच्या खात्यात जमा. दुसरीकडे, २०१५ मध्ये विधिमंडळाने जुनी औषधी व्यवस्था नव्या दुकानांच्या व्यवस्थेत विलीन केली आणि २०१६ च्या उन्हाळ्यात जुन्या डिस्पेन्सऱ्या (औषधी गांजाची दुकानं) बंद झाल्या. विरोधक हेच ओरडून सांगत होते. आणि घरची लागवड? अधिकृत रुग्ण वगळता आजही गुन्हा. विधेयकं येतात आणि समितीत झोपतात.

म्हणून माझं मत मधलं. मी 'हो' म्हटलं होतं आणि पुन्हाही म्हणेन. पण 'आधी जिंकू, मग दुरुस्त करू' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. जिंकल्यावर ज्यांचं भागतं ते दुरुस्तीच्या बैठकीला येत नाहीत.

बारामासी :
उत्तरध्रुव यांचं शेवटचं वाक्य चौकटीत लावा.

कोरा_कागद :
सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला वाटतं खरी फूट 'आत्ता की नंतर' यावर नाही, 'कुणाला पटवायचं' यावर आहे. एकेका मोहिमेने एकेक भाषा निवडली आणि तिची किंमत मोजली.

औषध म्हणा: सहानुभूती लगेच, पण धडधाकट माणूस आपोआप ढोंगी ठरतो. कर म्हणा: राज्याच्या तिजोरीला आवडतं, पण मग कर इतके चढतात की बेकायदा बाजार मजेत जगतो. कॅलिफोर्नियाला शेवटी २०२२ मध्ये लागवडीवरचा कर काढून टाकावा लागला. डेन्व्हरमध्ये २००५ पासून सेफर नावाच्या गटाने तिसरीच भाषा काढली: गांजा दारूपेक्षा कमी घातक आहे, मग शिक्षा उलटी का? जुने लोक म्हणायचे, अरे कुणाची तुलना करू नका, तुम्ही दारू पिणाऱ्यांनाच दुखावताय. २००६ मध्ये कोलोरॅडोत त्यांचा मसुदा पडलाही. पण हे लोक मागे हटले नाहीत, आणि २०१२ च्या अमेंडमेंट ६४ या राज्याच्या घटनादुरुस्तीचं नावच 'गांजाचं दारूसारखं नियमन' अशा अर्थाचं होतं. ५५ टक्के.

चौथी भाषा वंशभेदाची. एसीएलयूच्या २०१३ च्या अहवालात होतं की गोऱ्या आणि काळ्या लोकांत वापर जवळपास सारखा, पण गांजा बाळगण्यावरून अटक होण्याची शक्यता काळ्यांच्या बाबतीत ३.७३ पट. प्रॉप १९ ला कॅलिफोर्नियाच्या एनएएसीपीने (काळ्या लोकांच्या हक्कांची संघटना) पाठिंबा दिला तो याच कारणाने, आणि तेव्हा चळवळीतल्याच काहींना हा मुद्दा 'फाटे फोडणारा' वाटत होता.

आडनाव_नको :
न्यूयॉर्कमधून. कोरा_कागद, त्या चौथ्या भाषेचं पुढे काय झालं ते आमच्याकडे बघा.

२०२१ चा आमचा कायदा कागदावर देखणा आहे. कराच्या उत्पन्नातले ४० टक्के ज्या वस्त्यांवर जास्त कारवाई झाली त्यांच्यासाठी, जुनी रेकॉर्ड साफ, आणि नियामक मंडळींनी किरकोळ विक्रीचे पहिले परवाने गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना देऊ केले. मग कोर्टकज्जे. एकाने सांगितलं परराज्यातल्यांवर अन्याय, दुसऱ्यांनी सांगितलं माजी सैनिकांना डावललं. पहिलं दुकान उघडलं २०२२ च्या अगदी शेवटी. तोवर आमच्या रस्त्यावर विनापरवाना दुकानांचा बाजार भरला होता. माझ्या ओळखीच्या एकाला परवाना मिळाला, जागा मिळेना, जागा मिळाली तर स्थगिती आली. दोन वर्षांत त्याने एक ग्रॅम न विकता कर्ज मात्र कमावलं.

तरी मी म्हणेन की न्यायाची कलमं मसुद्यातच हवीत. नंतर घालू म्हटलं की कधीच घालत नाहीत. कॅलिफोर्नियात प्रॉप ६४ ने जुन्या शिक्षा कमी करून घ्यायची सोय दिली, पण अर्ज ज्याचा त्याने करायचा. किती जण वकील गाठून अर्ज करणार? शेवटी २०१८ मध्ये वेगळा कायदा करून ते काम सरकारवर टाकावं लागलं.

साडेतीन_शहाणा :
मग बँकांच्या कायद्याचं काय म्हणाल? गांजाच्या कंपन्यांना बँकांची दारं उघडणारं केंद्राचं सेफ बँकिंग विधेयक प्रतिनिधी सभेत किती वेळा पास झालं, आणि २०२१ मध्ये सिनेटर बुकर म्हणाले की आधी तुरुंगातल्यांचा न्याय, मग बँका. ते अडकलं ते अडकलंच. मला तर हे आधी कळस मग पाया असं वाटतं.

आडनाव_नको :
उलट आहे. बुकरचं म्हणणं, कंपन्यांना बँक मिळाली की त्यांचे लॉबीवाले सामान आवरून निघून जातील, आणि रेकॉर्ड पुसण्यासाठी भांडायला मागे कुणी उरणार नाही. वर उत्तरध्रुव यांनी जे वॉशिंग्टनबद्दल सांगितलं तेच हे.

मुसळधार :
सिद्धांत म्हणून छान. मी काही काळ एका डिस्पेन्सरीच्या हिशोबाचं काम पाहिलं आहे. कर भरायला रोकड पिशवीत घालून सरकारी कचेरीत जाणारा माणूस पगारी नोकर असतो, मालक नाही. दरोडा पडला तर बंदूक त्याच्या डोक्याला लागते. 'तुझ्या जिवाची किंमत वाटाघाटीत वापरतोय' हे त्याला समजावून सांगा बुवा.

आडनाव_नको :
मान्य, ती बाजू वजनदार आहे. माझं उत्तर तयार नाही.

टवाळ_पोर :
धाग्यावर 'मान्य' हा शब्द आला. कुणीतरी तारीख लिहून ठेवा.

आणि एवढं सगळं चाललंय, पण ओहायोच्या बडीची आठवण कुणालाच नाही? २०१५, इश्यू ३, गांजा कायदेशीर करायचा तिथला मसुदा. गांजाच्या कळीचं डोकं आणि खाली सुपरहिरोचा पेहराव, असा पुतळा घेऊन कॉलेजांमधून प्रचार करत फिरले. त्यानेच चळवळ बुडवली.

निशिगंधा :
बडीने नाही, कलमाने बुडवली. ओहायोत ज्या गुंतवणूकदारांनी मोहिमेला पैसा दिला त्यांच्याच दहा जागांवर व्यापारी लागवड करायची, आणि हे थेट राज्याच्या घटनेत लिहायचं! जवळपास ६४ टक्के विरोधात गेले. तिथे कित्येक जुन्या कार्यकर्त्यांनी 'नाही' म्हटलं आणि मी असते तर मीही म्हटलं असतं. साडेतीन_शहाणा, तुम्ही म्हटलं असतं का 'हो'? खरं सांगा.

साडेतीन_शहाणा :
...विचार करतोय.

बारामासी :
उंट बसला.

कायद्याचं_बोला :
उशिरा आलो. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे परत नेतो, कारण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देताच येत नाही, आणि ओहायोचं उदाहरण नेमकं त्यासाठीच कामाचं आहे.

मसुदा किती वाईट आहे हे नंतर बघा. आधी हे बघा की तो कुठे लिहिला जाणार आहे आणि कोण बदलू शकणार आहे. घटनेत गेला की विधिमंडळाला हात लावता येत नाही. कोलोरॅडोने घरची सहा रोपं घटनेत घातली, ती अजून शाबूत आहेत. विधिमंडळाला २०१७ मध्ये एका घरात बारापेक्षा जास्त नकोत एवढंच म्हणता आलं. तेच कुलूप ओहायोत २०१५ मध्ये दहा गुंतवणूकदारांच्या मक्तेदारीला लागलं असतं. कुलूप तेच, आत काय ठेवलंय त्यावर सगळं.

साधा कायदा असेल तर उलट. ओहायोत २०२३ चा इश्यू २ हा साधा कायदा होता, ५७ टक्क्यांनी पास झाला, आणि महिनाभरात राज्याच्या सिनेटने एका घरातली रोपं बारावरून सहावर आणणारं विधेयक मंजूर केलं. खालच्या सभागृहात ते अडलं म्हणून वाचलं.

आता प्रॉप १९. तो साधा कायदा होता, आणि त्यात बदलाचं कलमही होतं: विधिमंडळाने हेतूला धरून सुधारणा कराव्यात, आणि एक औंस व पंचवीस चौरस फूट या मर्यादा किमान समजाव्यात, त्या वाढवायची मुभा. म्हणजे वर जायची शिडी मसुद्यातच ठेवली होती. ज्या मसुद्याला अशी शिडी आहे त्याला मी डोळे मिटून 'हो' म्हणेन. ओहायो २०१५ ला नाही.

शब्दवेडी :
पण शिडी कोण वापरणार? विधिमंडळच ना? पेरॉनचा विश्वास नेमका तिथेच नव्हता, आणि उत्तरध्रुव यांच्या राज्यात समितीत झोपणारी विधेयकं पाहिली तर त्याला दोष देववत नाही.

कायद्याचं_बोला :
विश्वास नसला तर पुन्हा मतपत्रिकेवर जायचा मार्ग कॅलिफोर्नियात उघडाच होता. सह्या गोळा कराव्या लागतात, पैसा लागतो हे खरं. पण पुढच्या वेळी तुम्ही ४६.५ वरून सुरुवात करत नाही, जिंकलेल्या जमिनीवर उभे असता.

कोरा_कागद :
वॉशिंग्टन डीसीचा दाखला यात बसतो. २०१४ चं इनिशिएटिव्ह ७१: बाळगा, घरी लावा, दुसऱ्याला फुकट द्या, विक्रीचं नाव नाही. पुढे विक्रीचे नियम करू म्हटलं तर काँग्रेसने अर्थसंकल्पात अट घालून तेच अडवलं. म्हणजे उत्तरध्रुव यांच्या राज्यात दुकानं आली आणि घरची रोपं राहून गेली, इथे रोपं आली आणि दुकानं राहून गेली. काही जुन्या कार्यकर्त्यांना हीच व्यवस्था सगळ्यात आवडते. कंपन्या नाहीत, पोलीस नाहीत.

ओरेगावकर :
आणि 'भेट' म्हणून गांजा देणारी टी-शर्टची दुकानं. टी-शर्ट पन्नास डॉलरचा.

साडेतीन_शहाणा :
निशिगंधा, विचार करून झाला. ओहायो २०१५ ला मी 'हो'च म्हटलं असतं. मक्तेदारी तोडायला स्पर्धा आयोग, कोर्टं, पत्रकार असतात. अटक झालेल्याला कुणी नसतं. कायद्याचं_बोला यांचा शिडीचा मुद्दा पटतो, पण 'शिडी नाही म्हणून वर जायचंच नाही' इथवर मी येत नाही.

निशिगंधा :
घटनेत लिहिलेली मक्तेदारी कोर्टाने कशी तोडायची ते सांगा, मग पुढे बोलू.

आणि हातासरशी फ्लोरिडाचंही सांगा. २०२४ चं अमेंडमेंट ३. एकाच मोठ्या कंपनीने, ट्रुलीव्हने, मोहिमेत दहा कोटी डॉलरहून कितीतरी जास्त ओतले. घरी लावायला परवानगी नाही. ५६ टक्के मतं पडली, तिथे ६० लागतात. गव्हर्नर डीसँटिस भाषणात सांगत फिरले की हा कायदा एका कंपनीच्या फायद्याचा आहे, तुम्हाला घरी एक रोप लावता येणार नाही. हे वाक्य त्यांना कुणी लिहून दिलं? आपल्याच कार्यकर्त्यांनी, गेली चौदा वर्षं.

ओरेगावकर :
म्हणजे प्रॉप १९ पेक्षा साडेनऊ टक्के जास्त मिळवून हरले. मग निशिगंधा, मसुद्यात सहा रोपं असती तर ते चार टक्के मिळाले असते असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. रोपांमुळे डीसँटिसचं एक वाक्य कमी झालं असतं, शेजारच्या घरातून वास येईल हे दुसरं वाढलं असतं.

निशिगंधा :
चार टक्क्यांचं माहीत नाही. पैसा मात्र तेवढा आला नसता, हे नक्की. ज्याला दुकानातून विकायचं आहे तो घरच्या रोपांसाठी चेक फाडत नाही.

उत्तरध्रुव :
आमच्याकडे घरच्या लागवडीचं विधेयक समितीत आलं की सुनावणीला विरोधात कोण कोण उभं राहतं ते बघायला या एकदा कुणीतरी. सोबत मी येईन.